ईमेल उघडला, पण काकू घाबरल्या

पत्राचा सारांश: ठाण्यात नौपाड्याला सासरचं पिठं-मसाल्यांचं जुनं दुकान. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळीथपीठ, दिवाळीत चकलीची भाजणी. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि ती बाजू पत्रलेखिकेकडे आली. सुमारे अडीच हजार ग्राहकांना ती दर गुरुवारी ईमेल पाठवते. शंभरातले वीसेक जण उघडतात. दुकान बघणारे मोठे दीर वाशीला एका दिवसाच्या कार्यशाळेला जाऊन आले आणि एका ईमेलची सब्जेक्ट लाइन त्यांनी स्वतः लिहून दिली: ‘तुमच्या ऑर्डरमध्ये अडचण आली आहे’. आत होती मेतकुटावरची सवलत. त्या दिवशी उघडणाऱ्यांचं प्रमाण दुपटीवर गेलं. भावजी खूश. पण घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वयस्क काकूंचा दुकानात घाबरून फोन आला. मुलाला बंगळुरूला पाठवायचं पार्सल अडकलं असं त्यांना वाटलं. आता भावजींना दर आठवड्याला असंच काहीतरी हवंय. पत्रलेखिका विचारते, ‘हे मला पटत नाही, पण माझ्या साध्या ओळी कोणी उघडत नाही हेही खरं. न फसवता लोकांना उघडावीशी वाटेल अशी ओळ लिहायची कशी? आणि घरातल्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?’ सही: नौपाड्यातली सून.

ताई,

‘माझ्या साध्या ओळी कोणी उघडत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. त्याच पत्रात वरती तुम्हीच सांगितलंय की शंभरातले वीस जण उघडतात. म्हणजे अडीच हजारांतले पाचशे. गुरुवारी सकाळी पाचशे माणसं दुकानात आली असती तर रांग गोखले रोडपर्यंत गेली असती आणि भावजींनी चहावाल्याला बोलावलं असतं. ईमेलमधली माणसं दिसत नाहीत म्हणून ती ‘कोणी नाही’ होत नाहीत. शिवाय ज्यांनी उघडला नाही त्यांनी तुम्हाला नाकारलं असंही धरू नका. कित्येकांनी लोकलमध्ये उभ्याउभ्या दुकानाचं नाव वाचलं, ‘हां, भाजणी संपत आलीय’ असं मनात म्हटलं आणि अंगठा पुढे सरकवला. तो माणूस शनिवारी दुकानात येतो. तुमच्या तक्त्यात त्याची नोंद कुठेच होत नाही.

त्या तक्त्याबद्दल आधी बोलू, कारण भावजींचा सगळा युक्तिवाद त्या एका आकड्यावर उभा आहे. ईमेल उघडला गेला हे तुमच्या सॉफ्टवेअरला कसं कळतं? ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक इवलंसं चित्र असतं. ते चित्र लोड झालं की ‘उघडला’ अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयफोनच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची एक सोय आणली. ती चालू असेल तर ॲपलच ती चित्रं आधी आपल्याकडे उतरवून ठेवतं, माणसाने ईमेल पाहिला असो वा नसो. म्हणजे न उघडलेलेही उघडल्यात मोजले जातात. उलट ज्यांनी चित्रं बंद करून ठेवली आहेत ते अख्खा ईमेल वाचूनही मोजले जात नाहीत. त्यामुळे हा आकडा ‘वारा कुठून वाहतोय’ एवढंच सांगतो. त्याच्यावरून दुकानाचं धोरण ठरवू नये. किती जणांनी आतल्या दुव्यावर बोट ठेवलं, किती जणांनी उत्तर लिहिलं आणि त्या दोन दिवसांत किती पाकिटं गेली, हे पाहा. ‘अडचण आली आहे’ च्या दिवशी मेतकूट किती खपलं ते तुमच्या पत्रात नाही. माझा अंदाज आहे की ते फार खपलं नसावं, नाहीतर भावजींनी ते आधी सांगितलं असतं. पण अंदाजावर राहू नका, वहीत बघा.

आता ती ओळ चालली का, तर चालली. का चालली याचा विचार करा. तुमच्या दुकानाकडून आजवर ऑर्डरबद्दल जे जे ईमेल गेले ते सगळे खरे होते. ‘पार्सल निघालं’ म्हणजे निघालंच होतं. त्या सवयीने काकूंनी ईमेल उघडला. भावजींना जे यश मिळालं ते कार्यशाळेतल्या युक्तीचं नव्हतं, तुम्ही दोन-चार वर्षं वेळेवर पाठवलेल्या पार्सलांचं होतं, आणि त्यातलं थोडं त्या दिवशी खर्च झालं. सोसायटीच्या खाली उभं राहून ‘तुमच्या घरात पाणी शिरलंय’ म्हणून ओरडायचं आणि लोक धावत खाली आले की मेतकुटाची पाकिटं दाखवायची, असला हा प्रकार. पहिल्यांदा सगळे येतील. तिसऱ्यांदा खरंच पाणी शिरलं तरी कोणी गॅलरीतून डोकावणार नाही. दिवाळीच्या गर्दीत खरोखर एखाद्याचा पत्ता चुकला आणि तुम्ही ‘तुमच्या ऑर्डरमध्ये अडचण’ असं कळवलंत, तर तो ईमेल वाचायला कोण राहिलेलं असेल?

धंद्याच्या दृष्टीनेही हे महाग पडतं. चिडलेला माणूस तक्रार करायला फोन करत नाही, तो ‘स्पॅम’ वर बोट ठेवतो. गूगलचा नियम असा की स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खाली राहिल्या पाहिजेत. तुमच्या यादीतले दोन हजार पत्ते जीमेलचे असतील तर सहा माणसं चिडली की तुम्ही त्या रेषेवर पोचलात. त्यानंतर तुमचे प्रामाणिक ईमेलसुद्धा स्पॅममध्ये पडायला लागतात, आणि तिथून वर यायला फार वेळ जातो. कार्यशाळेत भावजींना ‘मोफत’, ‘ऑफर’ असे टाळायचे शब्द दिले असतील. अशा याद्या सगळीकडे फिरत असतात. त्यांच्यावर फार विसंबू नका. ईमेल कुठे पडतो हे मुख्यतः पाठवणाऱ्याच्या लौकिकावर, तक्रारींवर आणि तुमच्या डोमेनच्या तांत्रिक ओळखीवर ठरतं. ईमेल खरंच तुमच्या दुकानाकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी असतात; एसपीएफ, डीकेआयएम ही त्यांची नावं तुमची वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला सांगा, त्याला कळेल. आणि ‘यादीतून नाव काढा’ हे बटण ठळक ठेवा. जाणाऱ्याला दार सापडलं नाही की तो स्पॅमचं बटण दाबतो.

कायद्याचंही एक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवण्याचे तेरा प्रकार दिले आहेत, आणि खोटी घाई करणं हा त्यातला एक. ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ म्हणायचं आणि उद्याही तोच भाव ठेवायचा, हे आता नुसतं वाईट दिसत नाही, नियमातही बसत नाही. अमेरिकेत पार्सलं जात असतील तर तिथे २००३ च्या कायद्यानेच व्यापारी ईमेलमध्ये दिशाभूल करणारा विषय लिहायला बंदी आहे. भावजींना हे सांगताना धमकीसारखं सांगू नका. दुकानदाराला कायद्याची भीती घातली की तो आधी चिडतो आणि मग वकील असलेल्या मित्राला फोन करतो.

आता तुमच्या ओळींकडे येते. तुम्ही सोबत जोडलेल्या मागच्या चार ओळी अशा आहेत: ‘गुरुवार स्पेशल’, ‘श्रावण धमाका ऑफर!!!’, ‘खास तुमच्यासाठी’, ‘आमची नवीन उत्पादने’. रागावू नका, पण या तुमच्या दुकानाच्या ओळी नाहीत. चपलांच्या दुकानाने वापरल्या तरी चालतील, मोबाइलच्या दुकानाने वापरल्या तरी चालतील. यांच्यात फसवणूक नाही हे खरं, पण माहितीही नाही. मला वाटतं, तुमची अडचण ओळ लिहिण्याची नाहीच. दर गुरुवारी ईमेल गेलाच पाहिजे असं ठरलंय, आणि दर गुरुवारी सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. मग आत काही नसलेल्या ईमेलला बाहेरून नाव शोधत बसावं लागतं. त्यातून एकतर ‘खास तुमच्यासाठी’ निघतं, नाहीतर ‘अडचण आली आहे’ निघतं. भावजी आणि तुम्ही एकाच पोकळीतून दोन दिशांना बाहेर पडलात.

म्हणून उलट करून बघा. आधी ओळ लिहा, मग ईमेल. ओळीत एखादी खरी बातमी, खरी तारीख किंवा खरा प्रश्न आला नाही तर त्या गुरुवारी काही पाठवू नका. महिन्यात दोनच गेले तरी दुकान बुडत नाही.

खऱ्या ओळी मिळतात कुठे? तुमच्या दुकानाच्या काउंटरवर. आठवडाभर संध्याकाळी सहा ते आठ तिथे उभ्या राहा आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘मेतकूट तिखट नाही ना, नातवाला द्यायचंय.’ ‘मागच्या वेळी चकल्या तेलात विरघळल्या हो.’ ‘कुळथाच्या पिठाच्या गुठळ्या होतात.’ ‘उपासाच्या भाजणीत राजगिरा असतो का?’ यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक ईमेल आहे. ‘चकल्या तेलात विरघळतात?’ ही ओळ दिवाळीच्या दहा दिवस आधी गेली तर ती न उघडणारी बाई मला दाखवा. आत सरळ उत्तर द्या: मोहन जास्त झालं की विरघळते, कमी पडलं की कडक होते, एवढ्या भाजणीला एवढं मोहन, आणि एक चकली आधी तळून बघा. खाली भाजणीचं पाकीट आणि भाव. उत्सुकता इथेही आहेच. भावजींनाही उत्सुकताच हवी होती. फरक एवढाच की इथे आत गेलेल्या माणसाला जे हवं होतं ते मिळतं.

दुसरी खाण म्हणजे गिरणी आणि गोदाम. तिथे रोज काहीतरी घडतं आणि ते तुम्हाला इतकं सवयीचं झालंय की बातमी वाटत नाही. ‘उपासाची भाजणी आज दळली, आषाढीच्या आत पोचेल’. ‘या वेळचा गोडा मसाला जरा काळपट का आहे’. ‘कुळीथपीठ संपलंय, पुढचं पंधरा दिवसांनी’. शेवटच्या ओळीला भावजी नाक मुरडतील, संपलं म्हणून कोणी जाहिरात करतं का म्हणतील. पण माल संपला हे सांगणाऱ्या दुकानाचा ‘माल आला’ हा ईमेल लोक उघडतात. तसंच भाववाढीचं. ‘सोमवारपासून गोडा मसाला २० रुपयांनी महाग’ ही ओळ पाठवायला जीव कचरतो, आणि ती भराभर उघडली जाते. वाईट बातमी लोकांना उघडायला लावते हे भावजींचं निरीक्षण बरोबरच आहे. फक्त ती बातमी घडलेली असावी लागते.

तिसरी गोष्ट ठाण्याची. तुमच्या यादीत पिनकोड आहेत, त्यांचा उपयोग करा. घोडबंदरच्या माणसाला नौपाड्यात यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत. त्यांना ‘घोडबंदर रोडला शनिवारी घरपोच, शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा’ एवढी ओळ पुरे. ऐरोली-वाशीकडच्यांना वेगळा वार असेल तर वेगळी ओळ. नौपाड्यातल्या माणसाला यातलं काहीच पाठवू नका, तो चालत येतो. गुढीपाडव्याला शोभायात्रेमुळे रस्ते बंद असतात. त्या दिवशी दुकान किती वाजता उघडणार ही जवळच्यांसाठी उपयोगाची बातमी आहे, पुण्याच्या ग्राहकासाठी कचरा.

फोनवर ओळीची साधारण तीस-चाळीस अक्षरं दिसतात, बाकीची कापली जातात. म्हणून कामाचा शब्द आधी. ‘आमच्या सर्व प्रिय ग्राहकांना कळविण्यात आनंद होतो की’ इथेच तुमची जागा संपते आणि चकली बाहेर राहते. पाठवणाऱ्याच्या नावात दुकानाचं नाव हवं, ‘इन्फो’ किंवा ‘नो रिप्लाय’ नको; लोक आधी कोणाकडून आलंय ते बघतात, काय आलंय ते नंतर. आणि ओळीच्या पुढे किंवा खाली फिक्या अक्षरांत जो मजकूर दिसतो त्याच्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना असतो. तुमचा बहुधा रिकामा आहे, कारण तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात तिथे ‘हा ईमेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा’ असं आलंय. ती फुकटची दुसरी ओळ आहे. पहिलीत प्रश्न असेल तर दुसरीत ‘मोहनाचं माप आत दिलंय’ असं लिहा.

ओळीत ग्राहकाचं नाव घालावं का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत सत्तर वर्षांच्या बाईंना ‘सुमन, तुझ्यासाठी खास!’ असं दुकानाने म्हणायचं म्हणजे कठीण. ‘सुमनताई’ म्हणावं तर यादीत तेच नाव कधी रोमन लिपीत, कधी आडनाव आधी, कधी नुसतं ‘एस’. मशीनला काकू आणि वहिनी यांतला फरक कळत नाही. नाव नकोच. मराठीत लिहावं की इंग्रजीत, याचं उत्तर तुमच्या यादीत आहे: ज्यांनी ऑर्डर देताना मराठीत सूचना लिहिल्या त्यांना मराठी, बाकीच्यांना निवड विचारा. रोमन लिपीतलं मराठी मात्र मला सब्जेक्ट लाइनमध्ये बघवत नाही. ही माझी खोड समजा.

भावजी ‘दोन ओळी टेस्ट करू’ असं म्हणतीलच. अर्ध्या यादीला एक, अर्ध्या यादीला दुसरी. जरूर करा, पण निकाल वाचताना सावध राहा. साडेबाराशे लोकांना एक ओळ पाठवली आणि २५० जणांनी उघडली, दुसऱ्या साडेबाराशेंत २७५ जणांनी उघडली, तर दुसरी जिंकली असं वाटतं. पण एकच ओळ दोन्ही गटांना पाठवली असती तरी पंचवीस-तीसचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. एवढ्या यादीत शंभराच्या आसपासचा फरक पडला किंवा तोच कल चार-पाच वेळा दिसला तरच त्याला किंमत द्या. कार्यशाळांमध्ये ज्यांचे दाखले देतात त्यांच्या याद्या लाखांच्या असतात. बराक ओबामांच्या २०१२ च्या निवडणूक प्रचारात एकेका ईमेलसाठी डझनाहून जास्त मसुदे आधी तपासत. निव्वळ ‘Hey’ (अहो, ऐका) अशी एका शब्दाची हाक असलेली ओळ तिथे जोरात चालली. पण त्याच लोकांनी नंतर सांगितलं की कुठली ओळ चालेल याचे त्यांचे स्वतःचे अंदाज वारंवार चुकत, आणि जी चाले तिचंही नावीन्य काही दिवसांत ओसरत असे. भावजींच्या ओळीचंही तेच होईल, फक्त ओसरताना ती ग्राहक घेऊन जाईल.

आता भावजी. तुम्हाला वाटतंय की हा तत्त्वाचा झगडा आहे आणि तुम्ही सून असल्यामुळे तो हरणार आहात. मला तसं दिसत नाही. काकूंचा फोन दुकानात आला तेव्हा तो कोणी घेतला? भावजींनीच ना? ‘तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता’ असं तुम्हीच लिहिलंय. ज्या माणसाने वीस वर्षं काउंटरवर सुटे पैसे मोजून परत दिले त्याला हे कळत नाही असं नाही. त्याला विक्री हवी आहे, आणि दुसरा मार्ग कोणी दाखवला नाही. म्हणून नकार घेऊन जाऊ नका, पुढच्या महिन्याच्या चार तयार ओळी कागदावर लिहून घेऊन जा. रात्री जेवताना नको, तिथे सासूबाई आहेत, मुलं आहेत आणि तुम्ही दोघंही आपापल्या नात्यात बसलेले असता. दुपारी शटर अर्धं खाली असतं तेव्हा दुकानात बोला. नवऱ्याला मध्ये घालू नका. दोन भावांचं झालं की त्यात मेतकूट कुठेच राहत नाही. ‘दोन महिने माझ्या पद्धतीने करू, आणि उघडले किती याच्याऐवजी पाकिटं किती गेली ते मोजू’ एवढंच मागा. दुकानदार या मोजमापाला नाही म्हणत नाही.

तरी ते अडून बसले तर बाकी सगळ्यावर तडजोड करा. उद्गारचिन्हं घालू द्या, ‘धमाका’ म्हणू द्या. एका गोष्टीवर हलू नका: ऑर्डर, पैसे, पार्सल, पत्ता हे शब्द जाहिरातीच्या ईमेलमध्ये येणार नाहीत. जमलं तर ऑर्डरचे ईमेल एका पत्त्यावरून आणि जाहिरातीचे दुसऱ्या पत्त्यावरून पाठवायची सोय आत्ताच करून घ्या, म्हणजे एकाची बदनामी दुसऱ्याला कमी लागेल.

आणि हे सगळं करायच्या आधी या आठवड्यात एक ईमेल पाठवा. ओळ: ‘मागच्या ईमेलबद्दल: तुमची ऑर्डर व्यवस्थित आहे’. आत तीन वाक्यं. तो विषय चुकीचा होता, कोणाची ऑर्डर अडकलेली नाही, पुन्हा असं होणार नाही. खाली सवलतीचं कूपन लावू नका, भावजी कितीही म्हणाले तरी. ज्यांची ऑर्डर त्या दिवशी खरोखर वाटेत होती त्यांना ईमेलऐवजी फोन करा. ते पंधरा-वीस जणच असतील. काकूंना पहिला, आणि तो भावजींनाच करू द्या.

पुढच्या महिन्याच्या ओळी मला पाठवायच्या असतील तर जरूर पाठवा. फक्त या वेळी यादीचं पान जोडताना ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते आधी पुसा. मागच्या पत्रासोबत ते सगळे माझ्याकडे आले होते, मी ते पान फाडून टाकलंय.